पक्षीथांब्यावर कोण बसतं, तेही मोजा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतले कीटकशास्त्राचे सर्व प्राध्यापक

विषय: शेतशिवारातल्या कीटकभक्षी पक्ष्यांची नियमित मोजणी सुरू करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी वाशीम जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. खरिपात सोयाबीन आणि तूर, एका तुकड्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, परतीचा पाऊस बरा झाला तर रब्बीत चना. चना फुलावर आला की कृषी विभागाचा सल्ला येतो. पूर्वी आकाशवाणीवर ऐकायचो, आता मोबाईलवर वाचतो. कामगंध सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा, अळ्यांनी आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच रासायनिक औषध घ्या आणि पिकात ठिकठिकाणी पक्षीथांबे उभारा. चना पेरतानाच बियाण्यात थोडी ज्वारी मिसळा, म्हणजे तिची ताटंच पक्ष्यांना बसायला होतील, असंही आपले शास्त्रज्ञ सांगतात. उन्हाळ्यात सांगणं असतं खोल नांगरटीचं. जमिनीतले कोष उघडे पडतात आणि पक्षी ते वेचून खातात.

सल्ला चांगला आहे. मी तो पाळतो, इतरांनाही सांगतो. पण गेली काही वर्षं तो वाचताना मन एका जागी अडतं. थांबा उभारला की पक्षी येणार, नांगर फिरला की तो नांगरामागून चालणार, हे आपण धरूनच चाललो आहोत. घरी सालदार ठेवला तर त्याची हजेरी आपण लिहितो. मग ज्या पक्ष्याच्या भरवशावर एक फवारणी टाळायला आपण शेतकऱ्याला सांगतो, त्याची हजेरी कोण घेतं?

माझं मागणं तेवढंच आहे. शेतशिवारात कीटकभक्षी पक्षी किती उरले आहेत, ते वाढताहेत की घटताहेत, हे मोजलं जावं. आणि ते कृषी विभागानं मोजावं. वनविभागाकडे वाघ-बिबट्यांचं काम आहे आणि हे पक्षी जंगलातले नाहीत. ते आपल्या पिकात जगतात, आपल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घरटी करतात.

गेल्या रब्बीतलं सांगतो. चन्यात मी बांबूचे टी आकाराचे थांबे लावले होते. सकाळी दव वाळायच्या आत वावरात गेलो की धुऱ्याकडच्या थांब्यावर कोतवाल बसलेला असायचा. काळाभोर, शेपटीची दोन्ही टोकं बाहेर वळलेली. बसतो तेव्हा मान हलवत नाही, डोळा पिकात असतो. मग एकदम खाली झेप, ओळीवरून घसरत गेल्यासारखी, आणि परत त्याच थांब्यावर. चोचीत अळी असली तर ती बांबूवर दोन-तीनदा आपटायची, पायाखाली धरायची, फाडून खायची. एकदा मी त्या थांब्याखालची माती ओंजळीत घेऊन पाहिली. विष्ठेनं पांढरी झालेली ढेकळं, त्यांत टोळाचा करवतीसारखा मागचा पाय, भुंग्याची चकाकती हिरवी कवचं, एका पतंगाचा अर्धा पंख. आणि एक काळपट, वाळलेली गोळी. नीलपंख, खाटीक, वेडा राघू हे पक्षी किड्यांचा न पचणारा भाग असा गोळी करून ओकून टाकतात. म्हणजे त्या थांब्यावर कोतवालाशिवाय आणखी कुणीतरी पाळी लावून बसत असावं. गोळी बोटांनी चुरली तर आत नुसते पाय, जबडे आणि कवचांचे तुकडे. बराच वेळ मी ते हातात घेऊन उभा होतो.

हे झालं धुऱ्याकडच्या रांगेचं. त्या धुऱ्यावर दोन जुन्या बाभळी आहेत, एक कडुलिंब आहे, बोरीचं जाळं आहे. वावराच्या पलीकडच्या टोकाला शेजाऱ्याची हद्द लागते. तिथला धुरा ट्रॅक्टर फिरायला अडचण नको म्हणून साफ केलेला. त्यानंही थांबे लावले होते, अगदी सल्ल्याप्रमाणे. हंगाम संपला तेव्हा ते थांबे लावले त्या दिवशीसारखेच कोरे होते. खाली विष्ठेचा एक ठिपका नाही. त्यानं मला विचारलं, “माझ्याकडे काहून येत नाहीत?” मला जे सुचलं ते मी सांगितलं: पक्ष्याला नुसता बसायला बांबू पुरत नाही, दुपारी सावली लागते, रात्री आसरा लागतो, घरट्याला फांदी नाहीतर ढोली लागते. पण हे माझ्या एका वावरातलं निरीक्षण झालं. कोणत्या धुऱ्यावर किती झाडं असली म्हणजे थांबा चालतो, हे विद्यापीठानं प्रयोग करून सांगायला हवं. थांब्याचा सल्ला देताना झाडाची अट त्यातच यायला हवी.

आमच्या भागात ज्याला नीलकंठ म्हणतात त्या नीलपंखाचं मला लहानपणापासून वेड. दसऱ्याला तो दिसणं शुभ, म्हणून वडील आम्हा भावंडांना सकाळीच शिवाराच्या वाटेला न्यायचे. तो शोधावा लागायचा नाही. तारेवर मातकट रंगाचा, ओळखूही येणार नाही असा बसलेला असायचा, आणि उडाला की पंखांतला निळा रंग असा उघडायचा की आई जागच्या जागी हात जोडायची. चैत्रात नर उंच जाऊन कोलांट्या घेत, कर्कश ओरडत खाली यायचा. वठलेल्या झाडाच्या ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीच्या भोकात त्याचं घरटं. खाणं म्हणजे भुंगे, टोळ, नाकतोडे, रातकिडे.

आता दसऱ्याला मी नातवाला घेऊन त्याच वाटेनं जातो आणि कित्येकदा नीलकंठ न बघताच परततो. हा पुरावा आहे असं माझं म्हणणं नाही. उतारवयात जुनं सगळंच भरघोस वाटतं. उलट माझ्या नातवाला एक नीलकंठ दिसला तरी तो पुष्कळ वाटतो, कारण त्यानं याहून जास्त कधी पाहिलेलेच नाहीत. माझ्या आठवणीवरही विसंबता येत नाही आणि त्याच्या समाधानावरही. म्हणून आकडा लागतो.

देशाचा आकडा आहे. २५ ऑगस्ट २०२३ रोजी भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. १३ संस्थांनी मिळून तो केला आणि त्यामागे ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत. २००० सालापूर्वीची स्थिती पाया धरून त्यात दीर्घकालीन कल काढला आहे. ज्या ३३८ जातींचा असा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. आहाराप्रमाणे गट पाडले तर मांस, कीटक आणि धान्य खाणारे पक्षी हे फळं-मध खाणाऱ्यांपेक्षा वेगानं कमी होत आहेत. नीलपंखाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आहे. तीन राज्यांनी ज्याला राज्यपक्षी केलं, खेड्यापाड्यांत जो सगळ्यांना माहीत, ज्याची काळजी करावी असं कालपर्यंत कुणाला वाटलं नव्हतं, त्याचं संकटातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीतलं स्थान पुन्हा तपासावं अशी शिफारस करायची वेळ आली. माळावर बोरी-हिवरांच्या शेंड्यावर बसणारा मोठा करडा खाटीक तर ८० टक्क्यांहून अधिक घटला आहे. बाभळीच्या काट्याला नाकतोडे टोचून ठेवणारा, म्हणून त्याला खाटीक म्हणायचं, हे आम्ही गुरं राखताना शिकलो होतो.

सगळेच कीटकभक्षी घटले आहेत असं मात्र नाही, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याच अहवालात राखी वटवट्या चांगला वाढलेला दिसतो. गप्पीदास बऱ्यापैकी टिकून आहे. झुडपात, परसात, बागेत कुठेही जमवून घेणारा पक्षी तरतो. ज्याला मोकळा माळ, मोठे किडे आणि ढोलीचं झाड लागतं, तो मागे पडतो. मला हे वाचून आमचं शिवारच डोळ्यांपुढे आलं. माळ फुटले आणि सोयाबीनखाली गेले. वठलेलं झाड म्हणजे सरपण, ते उभं राहत नाही. गुरं कमी झाली, तशी शेणाखालची किड्यांची वस्ती कमी झाली. गुरांच्या मागे चालणारे गाय बगळे, साळुंक्या आणि धोबी पक्षी गुरांभोवतीच्या किड्यांवर पोट भरायचे.

त्या अहवालात मला घटीच्या आकड्यांपेक्षाही बोचली ती दुसरी एक गोष्ट. तपासलेल्या जाती होत्या ९४२ आणि दीर्घकालीन कल सांगता आला ३३८ जातींचा. उरलेल्या ६०४ जाती तेव्हापासून वाढल्या की घटल्या, हे सांगण्याइतक्या नोंदीच नव्हत्या. नोंदी करणारे बहुतेक हौशी लोक आहेत, त्यांचे उपकारच मानायचे. पण ते जातात भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीला, ताडोबाला. श्रावणात सोयाबीनच्या वावरात गुडघाभर चिखल तुडवत दुर्बीण घेऊन कोण येणार?

तिथे येतो तो आपला माणूस. २००८ साली पानं खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन फस्त केलं आणि त्यानंतर, २००९-१० पासून, राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी ठरलेल्या वावरात जाऊन, ओळीत उभं राहून, झाडं मोजून, अळ्या मोजून नोंद करायची आणि त्यावरून सल्ला द्यायचा. इतक्या शिस्तीनं, इतक्या वावरांत, इतकी वर्षं सतत चाललेली नोंद हे आपल्या विभागाचं फार मोठं काम आहे. त्यात उंट अळी आहे, खोडमाशी आहे, चक्री भुंगा आहे, बोंडअळी आहे, घाटेअळी आहे. त्याच माणसानं अळ्या मोजायच्या आधी दहा मिनिटं धुऱ्यावर उभं राहावं आणि दिसतील ते पक्षी मोजावेत, एवढं मी मागतो आहे. थांब्यावर, तारेवर, झाडावर, पिकात, गुरांमागे, कुठेही.

आठच नावं पुरेत: कोतवाल, नीलपंख, वेडा राघू, खाटीक, साळुंकी, गाय बगळा, हुदहुद, चिरक. यांतला एकही पक्षी ओळखायला दुर्बीण लागत नाही, आणि नाव अडलं तर वावरातली कोणतीही निंदणारी बाई सांगेल. शेजारी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात. पिकाची अवस्था, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, धुऱ्यावर किती झाडं. शिवारातला एकूण एक पक्षी मोजायचा नाहीच. त्याच जागी, त्याच वेळेला, तेवढाच वेळ उभं राहून दिसले तेवढेच लिहायचे. एका वर्षाच्या आकड्याला अर्थ नसतो, पाऊस कमी-जास्त झाला तरी तो हलतो. पाच-सात वर्षं गेली की रेघ दिसायला लागते. अळीची संख्या, फवारणी आणि पक्षी हे तिन्ही एकाच वावरातले, एकाच दिवसाचे आकडे पंधरा वर्षं शेजारी-शेजारी मांडलेले असले, तर केवढं काय काय कळेल याचा विचार मी करतो आणि मला उगाच घाई होते.

दुसरीकडे हे झालेलं आहे. ब्रिटनमध्ये १९६२ साली पक्ष्यांची अशी वार्षिक मोजणी सुरू झाली, ती शेतीतल्या बदलांनी आणि औषधांनी शिवारातल्या पक्ष्यांचं काय होतं हे कळावं म्हणूनच. मोजणारे साधे स्वयंसेवक. युरोपातल्या २८ देशांच्या अशाच मोजण्या एकत्र करून २०२३ साली अभ्यास झाला. १९८० ते २०१६ या काळात शेतशिवारातले पक्षी तिथे ५७ टक्क्यांनी घटले, आणि मुख्य कारण निघालं शेतीची वाढलेली तीव्रता, विशेषतः कीटकनाशकं आणि खतं. सर्वांत जास्त फटका किडे खाणाऱ्यांना. त्यांना हे उशिरा का होईना कळलं, कारण मोजलेलं होतं.

आता माझ्या हातून घडलेलं एक सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

तीन वर्षं झाली. सोयाबीन महिनाभराचं होतं, आषाढ चालू होता. धुऱ्यावरच्या बाभळीत कोतवालाचं घरटं होतं, वाटीसारखं, दोन फांद्यांच्या बेचक्यात. तीन पिल्लं. कोतवाल घरट्याजवळ कावळा काय, घारही फिरकू देत नाही, म्हणून त्याच्या आसपास होले आणि बुलबुलही घरटी करतात. त्याचं नाव त्याला शोभतं. त्या दिवसांत पिकात चक्री भुंग्याच्या खुणा दिसायला लागल्या होत्या. मी झाडं मोजायला हवी होती, नुकसानीच्या पातळीपर्यंत गेलंय का ते पाहायला हवं होतं. मोजली नाहीत. दुकानात गेलो, दुकानदारानं तीन बाटल्या काढून दिल्या, “एकाच पंपात टाका, सगळंच मरते” म्हणाला. मी टाकल्या. फवारणी झाल्यावर दुपारी पाहिलं तर कोतवालाची जोडी जोमात होती. अळ्या पानांवरून गळून पडत होत्या, अर्धमेल्या, वळवळणाऱ्या, पकडायला सोप्या. दोघं त्या उचलून उचलून पिल्लांना भरवत होती. तिसऱ्या दिवशी घरटं गप्प होतं. नर-मादी आणखी दोन दिवस बाभळीवर बसून होती, मग तीही गेली.

औषधानंच झालं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या दोन रात्री पाऊसही फार होता. पण शंका माझ्या मनातून जात नाही. आणि तेव्हा मला उमगलं की मी ज्या तारखेला फवारतो ती तारीख आणि त्यांची पिल्लं वाढायची तारीख एकच आहे. मृगाच्या आधीपासून पावशा “पेरते व्हा” म्हणून ओरडतो, पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगे सांजेला लिंब-बाभळींवर उतरतात, त्यांच्यावर पिंगळे आणि रातवे तुटून पडतात. पावसाबरोबर चातक येतो. पावशा आणि चातक हे केसाळ अळ्या खातात, ज्यांना इतर पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. किडे आले म्हणून पक्ष्यांची वीण याच दिवसांत असते. दाणे टिपणारी सुगरण आणि चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात. नेमके हेच दिवस आपल्या तणनाशकाचे, बीजप्रक्रियेचे आणि पहिल्या फवारणीचे.

बीजप्रक्रियेवरून नेदरलँड्समधलं एक काम आठवतं. २०१४ साली तिथल्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या: ओढे-कालव्यांच्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक किती, आणि त्या भागात कीटकभक्षी पक्षी किती. जिथे लिटरभर पाण्यात २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त औषध होतं तिथे हे पक्षी सरासरी दर वर्षी ३.५ टक्क्यांनी घटत होते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आणि वर्षाला साडेतीन टक्के हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याच वेगानं वीस वर्षं गेली तर शंभरातले पन्नासही उरत नाहीत. पक्षी औषध खाऊन मेले असा त्यांचा दावा नव्हता. किडेच कमी झाले, म्हणून पक्ष्यांचं पोट भरलं नाही, ही शक्यता त्यांनी मांडली. हेच औषध आपल्या पऱ्हाटीच्या बियाण्याला चोळलेलं येतं आणि मावा-तुडतुड्यांवर आपण पंपातूनही घेतो. २०१८ साली युरोपीय संघानं मुख्यतः मधमाश्यांच्या काळजीनं या औषधाचा आणि त्याच्या दोन भावंडांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

मी उद्या बंदी घाला म्हणत नाही. पऱ्हाटी कोवळी असताना तुडतुडे काय करतात हे मी भोगलं आहे, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली तेव्हा मीही हातात पंप घेऊन हिंडलो होतो. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. जिथे माणसांची ही गत झाली, तिथे त्या शिवारातल्या पक्ष्यांचं काय झालं असेल याची नोंद कोण ठेवणार होतं? नेदरलँड्समधल्या लोकांना जे कळलं ते आपल्याकडे तसंच आहे असंही मी गृहीत धरत नाही. आपला पाऊस वेगळा, माती वेगळी, वावरं लहान. पण त्यांच्याकडे दोन वह्या होत्या म्हणून त्या शेजारी ठेवता आल्या. आपल्याकडे अळ्यांची वही आहे. पक्ष्यांची नाही.

धुऱ्याबद्दलही एक विनंती आहे. सल्ल्यात एक वाक्य नेहमी असतं, की बांध तणमुक्त आणि स्वच्छ ठेवावेत. त्यामागचं कारण मला पटतं. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी बांधावरच्या तणावर तग धरतात. पण खेड्यात ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थ फार पुढे जातो. बांधावर तणनाशक मारलं जातं, बोरीचं जाळं पेटवलं जातं, बाभूळ सावली धरते म्हणून तोडली जाते, आणि सगळं केल्यावर माणूस समाधानानं सांगतो की कृषीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे बांध स्वच्छ केला. मग त्याच वावरात तो पक्षीथांबे रोवतो. कोणतं तण काढायचं त्याचं नाव लिहा, आणि कोणतं झाड ठेवायचं त्याचंही नाव लिहा. बाभूळ, बोर, लिंब, हिवर, पळस. वठलेलं एखादं झाड शक्य तोवर उभं राहू द्या, एवढी ओळ वाढवली तरी किती ढोल्या वाचतील!

काही जण म्हणतील, पक्षी नुकसानही करतात. करतात. भोरडीचे थवे ज्वारीच्या कणसांवर उतरले की राखण करावी लागते, पोपट मक्याचे हाल करतात. पण वर ज्या आठांची नावं दिली, त्यांतल्या साळुंकीनं कधीमधी फळाला चोच मारली तर मारली, बाकीचे तुमच्या दाण्याकडे बघतही नाहीत.

आणि हे काम कृषी विभागाचं नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना विभागाचाच इतिहास दाखवावा. शंभर वर्षांहून जास्त झाली, बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पक्ष्यांची पोटं तपासून, कोणता पक्षी कोणते किडे खातो, त्यांतले शेतीला घातक किती आणि उपयोगाचे किती, असा जातीवार हिशेब मांडला. १९१२ साली तो कृषी खात्यानंच छापला. पक्षी हा कीटकशास्त्राचा विषय आहे हे तेव्हा कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं. आज पोट फाडायची गरज नाही. थांब्याखालची ओंजळभर माती चाळली तरी बरंच कळतं, आणि चार विद्यापीठांतली एम.एस्सी.ची मुलं ते एका हंगामात करू शकतील.

सुरुवात एखाद्या तालुक्यात करा. चना आणि सोयाबीन, दोनच पिकं घ्या. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह होतो, तेव्हा चना नुकताच उगवून आलेला असतो. त्या आठवड्यात गावोगावच्या पक्षीमित्रांना आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांसोबत वावरात पाठवलं तर आठ पक्षी ओळखायचं शिक्षण एका सकाळीत होईल. नवा निधी, नवी इमारत, नवं पद यातलं काही लागणार नाही.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. शंभर पानी वही आहे, वर लिहिल्याप्रमाणे रकाने पाडले आहेत, आणि दर सोमवारी सकाळी मी बाभळीच्या धुऱ्यावर दहा मिनिटं उभा राहतो. नातू बरोबर असला तर नावं तो सांगतो, मी लिहितो. शेजाऱ्यानं या पावसाळ्यात त्याच्या धुऱ्यावर बाभळीच्या शेंगा टाकल्या. त्यांतली काही रोपं वीतभर झाली आहेत, त्यांना काटेरी फांद्यांचं कुंपण आम्ही दोघांनी मिळून केलं.

आपला माणूस सर्वेक्षणाला येईल तेव्हा वही त्याला दाखवीन, हवी तर नक्कल करून देईन. त्यानं फक्त सकाळी आठच्या आत यावं. ऊन चढलं की कोतवाल थांबा सोडून लिंबात जाऊन बसतो.

आपला नम्र,
वाशीम जिल्ह्यातला एक शेतकरी